गावठी कोंबडी खरंच इथली आहे का? पेण-रोह्याच्या परड्यातला इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना पोपटी आठवेल. थंडी पडली की पेण, रोहा, अलिबाग पट्ट्यात मडकं भरलं जातं: खाली भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी. त्या वेळी एक प्रश्न हमखास येतो, "कोंबडी गावठी आहे ना?" आज आपण या 'गावठी' शब्दाचाच इतिहास बघणार आहोत.

सुरुवात गंमतशीर आहे, कारण गावठी कोंबडीसुद्धा मुळात आयात झालेली आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत सापडतो, पण आपल्या कोकणात नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीचे सर्वात जुने ठोस अवशेष थायलंडमधल्या बान नोन वाट इथले, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातले आहेत. संशोधकांचं म्हणणं असं की माणूस भात आणि इतर धान्य पिकवू लागला, सांडलेले दाणे टिपायला रानकोंबडे वस्तीजवळ आले आणि हळूहळू तिथलेच झाले. म्हणजे भाताच्या मागोमाग कोंबडी! पेणसारख्या भाताच्या मुलखात हे पटायला अवघड नाही.

मग आपल्या सह्याद्रीचं यात काही योगदान आहे का? आहे, आणि मोठं आहे. रोहा आणि मुरुड तालुक्यांत पसरलेलं फणसाड अभयारण्य ही एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची जागा होती. १९८६ साली ते अभयारण्य झालं. अशा जंगलांत राहतो तो करडा रानकोंबडा. आता तुमच्या परड्यातल्या कोंबडीचे पाय बघा. पिवळे आहेत? स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की पिवळ्या कातडीचं जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आलंय. मका आणि हिरवा पाला यांतला पिवळा रंग लाल रानकोंबड्याच्या कातडीत मोडून टाकला जातो, पण या जनुकामुळे तो तसाच साठून राहतो. आज जगभरातल्या कोट्यवधी कोंबड्यांचे पाय पिवळे आहेत ते भारतीय द्वीपकल्पातल्या या पाखरामुळे.

दुसरी गोष्ट असीलची. झुंजीसाठी प्रसिद्ध असलेली ही भारतीय जात इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलला नेली. तिथल्या संकरातून 'इंडियन गेम', म्हणजेच कॉर्निश, तयार झाली. पुढे १९४८ साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धा झाली आणि ती कॉर्निशच्या संकरानेच जिंकली. आजच्या ब्रॉयलरचा पाया हाच. म्हणजे पेणच्या शेडमधला पांढरा ब्रॉयलर 'परदेशी' म्हणून आला खरा, पण त्याच्या रक्तात आपलं आजोळ आहे.

अंड्यांचंही असंच झालं. स्वातंत्र्यानंतर अंडी कमी पडत होती, म्हणून इटलीच्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली लेगहॉर्न आणि अमेरिकेची ऱ्होड आयलंड रेड यांचा प्रसार झाला. गावोगावी सुधारित नर वाटले गेले. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि धंद्याचं रूपच पालटलं. आजची व्यावसायिक कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते.

पण या सौद्यात एक गोष्ट गेली: खुडूक बसणं. गावठी कोंबडी डालग्याखाली एकवीस दिवस बसते, पिल्लं काढते, घार आली की पंखाखाली घेते. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून व्यावसायिक जातींमधून हा गुण निवडीने काढून टाकला. आता पिल्लांसाठी मशीन लागतं, वीज लागते, दरवेळी हॅचरी लागते. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर गावठी कोंबडी ऑफलाइन चालते, व्यावसायिक कोंबडीला कायम सर्व्हर लागतो.

आणि सर्व्हर बंद पडला तर? इथे नवापूरची आठवण काढायलाच हवी. नंदुरबार आणि लगतच्या गुजरातमध्ये 'बुसरा' नावाची देशी कोंबडी आहे. अंगाने लहान, वर्षाला पन्नासच्या आसपास अंडी, पण काटक. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची नोंद आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला तो याच नवापुरात. लाखो पक्षी मारावे लागले. त्यात मोठ्या फार्मच्या कोंबड्या होत्या, तशा घरोघरच्या परड्यातल्याही. फार्म पुन्हा भरता येतो, कारण पिल्लं विकत मिळतात. परड्यातला वंश कुठून विकत आणणार? एखादी जात एकाच मुलखात उरली असेल तर एका साथीत ती संपू शकते.

आता पेण-रोह्याचं बघा. इथल्या गावठी कोंबडीला बुसरासारखं वेगळं नाव नाही. आदिवासी वाड्यांवर आणि गावांत ती खुराड्यात वाढते, मुंगसाला चुकवते, कोकणातला चार महिन्यांचा पाऊस सोसते. दरम्यान बाजारात रंगीत पिसांची कोंबडी सर्रास 'गावठी' म्हणून विकली जाते. बेंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज या चांगल्या जाती आहेत, त्यांनी अनेकांचा संसार चालवला. पण त्यांचा नर गावात सोडला की दोन-तीन पिढ्यांत जुना वंश पातळ होतो, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

जतन म्हणजे मोठी प्रयोगशाळाच हवी असं नाही. एखाद्या वाडीने ठरवलं की आपल्याकडे बाहेरचा नर आणायचा नाही, भावाबहिणींचा जोड टाळायला शेजारच्या वाडीशी कोंबडे बदलायचे आणि चांगली खुडूक बसणारी मादी विकायची नाही, तरी पुष्कळ होईल. हे ज्ञान आपल्या आज्यांकडे आहे. म्हणून एक काम करा. गावी गेलात की आजीला विचारा, तुझ्या कोंबड्यांचा वंश कुठून आला? उत्तर रेकॉर्ड करा, कोंबड्यांचे फोटो काढा, गावाचं नाव आणि तारीख लिहा. जातीची नोंद करायची तर अशाच माहितीपासून सुरुवात होते.

भेटूया पुढच्या भागात. आणि हो, या वेळी पोपटीला बसलात तर पिवळ्या पायांची ही गोष्ट नक्की सांगा!