टिळकांचे दोन जामीनअर्ज

आपल्या भाषेंत 'जामीन' हा शब्द मूळचा माणसाचा वाचक आहे. अरबीमधून फारसीच्या द्वारें तो आपल्याकडे आला आणि मराठेशाहीच्या दप्तरांत पुरता रुळला. हाजीरजामीन म्हणजे अमुक इसमास बोलावण्याबरोबर हजर करीन अशी हमी घेणारा; मालजामीन म्हणजे पैशाची हमी घेणारा; आणि फैलजामीन म्हणजे त्याची पुढील वर्तणूक नीट राहील असें पत्करणारा. वतनाच्या तंट्यांत पक्षकारांकडून जामीनकतबा लिहून घेण्याची वहिवाट होती. आज आपण 'अमक्यास जामीन मिळाला' असें म्हणतों, तेव्हां सुटका एवढाच अर्थ मनांत असतो. पाठीशीं उभा राहणारा माणूस शब्दांतून लोपला आहे. कायद्यांतून मात्र तो लोपलेला नाहीं, आणि अटक झालेल्या मनुष्याचें पुढें काय होणार हें अद्यापि पुष्कळ अंशीं त्याच्यावरच अवलंबून असतें.

घरांतील कोणास अटक झाली म्हणजे आप्तेष्टांपुढें दोन प्रश्न एकदमच उभे राहतात : वकील कोण द्यावा, आणि जामीन कोण राहील? हे प्रश्न निरनिराळे समजले जातात. आमच्या मतें ते एकाच हक्काचीं दोन अंगें होत. वकिलावांचून जामीन मिळणें कठीण, आणि जामिनावांचून वकिलाला नीट काम करतां येणें कठीण. ह्याचा दाखला लोकमान्य टिळकांच्या दोन खटल्यांइतका स्पष्ट क्वचितच सांपडेल.

'केसरी'तील लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांस १८९७ च्या जुलै महिन्याच्या २७ तारखेस मुंबईंत पकडण्यांत आलें. महिन्याभरापूर्वींच पुण्यांत रँडवर गोळी झाडली गेली होती, व सरकारचा रोष शिगेस पोंचला होता. मॅजिस्ट्रेटानें जामीन नाकारला. हायकोर्टांत न्यायमूर्ति पार्सन्स व न्यायमूर्ति रानडे यांच्यापुढें झालेला अर्जही फेटाळला गेला. पुढें खटला सेशनकडे सोंपविल्यावर बॅरिस्टर दिनशा दावर यांनीं न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढें पुन्हा अर्ज केला, आणि ४ ऑगस्ट रोजीं तो मंजूर झाला.

तय्यबजींच्या निर्णयाचा गाभा साधा आहे. आरोपी खटल्याच्या दिवशीं हजर राहील कीं नाहीं, हा जामिनाच्या बाबतींत मुख्य प्रश्न. आरोप किती भयंकर आहे हें त्यापुढें गौण. शिवाय, बचावाची तयारी करण्यास मोकळीक न देतां एखाद्यास कोंडून ठेवलें आणि अखेर तो निर्दोष ठरला, तर झालेला अन्याय भरून कसा काढावयाचा? तय्यबजी हे एके काळीं राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते, म्हणून हा निकाल त्यांनीं दिला असें कोणी म्हणेल. परंतु रानडे ह्यांचेंही राष्ट्रीय सभेशीं नातें जवळचें होतें, व त्यांच्यापुढें अर्ज नामंजूर झाला होता. तेव्हां ही उपपत्ति टिकत नाहीं. १८८२ च्या फौजदारी कार्यविधीच्या कायद्यानें कोणत्याही गुन्ह्यांत जामीन देण्याचा अधिकार हायकोर्टास दिलेला होता. तय्यबजींनीं तो वापरला, एवढेंच.

त्या निर्णयानें टिळकांस सुमारें पांच आठवडे मिळाले. मुंबईचे शेठ द्वारकादास धरमसी हे जामीन राहण्यास पुढें आले. सरकारची वक्रदृष्टि असतांना एका व्यापाऱ्यानें असें करणें हें लहानसहान धाडस नव्हे. त्या काळीं हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला पक्षकाराचा बॅरिस्टराशीं थेट व्यवहार नसे. सॉलिसिटरानें कागद सिद्ध करावे व बॅरिस्टरानें ते कोर्टापुढें मांडावे, अशी दुहेरी व्यवस्था होती. ह्या सर्वांस पैसा, प्रवास आणि भेटीगांठी लागतात. बंगाल्यांतील मित्रांनीं वर्गणी जमविली, आणि बॅरिस्टर प्यू व गार्थ हे कलकत्त्याहून बचावासाठीं आले. ८ सप्टेंबरला न्यायमूर्ति स्ट्रॅची यांच्यापुढें खटला सुरू झाला. नऊ ज्यूरींपैकीं सहा युरोपियनांनीं दोषी व तीन हिंदी गृहस्थांनीं निर्दोष असें मत दिलें, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. म्हणजे जामिनानें टिळक सुटले नाहींत. परंतु त्यांचा बचाव पुरा मांडला गेला, आणि जामिनाकडून अपेक्षा असते ती एवढीच.

अकरा वर्षांनीं चक्र उलटें फिरलें. २४ जून १९०८ रोजीं टिळकांस पुन्हा मुंबईंत अटक झाली. ह्या वेळीं अर्ज घेऊन उभे होते तरुण बॅरिस्टर महंमदअल्ली जिना, आणि न्यायासनावर होते तेच दिनशा दावर! जिनांनीं तय्यबजींचा निकाल, म्हणजे एका अर्थीं दावरांचाच जुना युक्तिवाद, त्यांच्यापुढें ठेवला. न्यायमूर्तींनीं जामीन नाकारला, व नाकारण्याचीं कारणें देण्याचेंही टाळलें. टिळकांस सर्व सिद्धता तुरुंगांतूनच करावी लागली. ते स्वतः कायद्याचे पदवीधर. एके काळीं पुण्यांत कायद्याचा वर्गही त्यांनीं चालविलेला. म्हणून २१ तासांहून अधिक काळ ते आपल्या बचावाचें भाषण करूं शकले. तरीही सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा टळली नाहीं. ज्याच्याजवळ टिळकांची विद्या नाहीं, त्याची त्या कोठडींत काय अवस्था झाली असती, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

आज कायद्याचें स्वरूप पालटलें आहे. राज्यघटनेच्या २२ व्या कलमान्वयें अटकेचीं कारणें शक्य तितक्या लवकर सांगणें, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं देणें, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटापुढें नेणें बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें घेतली. परंतु मूळ सांगाडा तोच आहे. जामीनपात्र गुन्ह्यांत जामीन हा हक्क होय. अजामीनपात्र गुन्ह्यांत तो न्यायालयाच्या विवेकावर असतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाहीं, हा समज सुशिक्षितांतही आढळतो, व तो चुकीचा आहे. खालच्या न्यायालयानें नाकारल्यास सेशन कोर्टाकडे व हायकोर्टाकडे जातां येतें, हें १८९७ प्रमाणें आजही खरें आहे.

तथापि द्वारकादास शेठ प्रत्येकाच्या वांट्यास येत नाहींत. मोतीराम नांवाच्या एका गरीब गवंड्याचें प्रकरण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. मध्यप्रदेशांतील मॅजिस्ट्रेटानें दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीन राहण्यास तयार असतां त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं हा परकेपणा घटनेशीं विसंगत ठरविला, आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्यास सोडविलें. पुढच्याच वर्षीं हुसैनारा खातून प्रकरणीं बिहारच्या तुरुंगांतील असे बंदी उजेडांत आले, कीं शिक्षा झाली असती तरी ती केव्हांच भोगून संपली असती, इतका काळ ते खटल्यावांचून खितपत होते. २००५ च्या दुरुस्तीनें जामीनपात्र गुन्ह्यांत आठवड्याच्या आंत जामीनदार न मिळणारा मनुष्य निर्धन समजून त्यास केवळ मुचलक्यावर सोडावें, असें ठरलें. तसेंच १९८७ च्या कायद्यानें कोठडींतील व्यक्तीस, तिचें उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागतां येतो. त्यासाठीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे जावें.

कायद्यानें इतकें केलें. उरलेलें समाजानें करावयाचें आहे. आरोपीसाठीं वकील पाहणें म्हणजे गुन्ह्याची तरफदारी करणें, आणि त्यास जामीन राहणें म्हणजे आपल्या अब्रूस बट्टा लावून घेणें, असें मानणारीं घरें आमच्या मध्यम वर्गांत थोडीं नाहींत. जामीन राहणारा आरोपीच्या निर्दोषतेची ग्वाही देत नसतो. खटल्याच्या दिवशीं तो येईल, एवढेंच तो सांगत असतो. आपल्या पूर्वजांनीं हाजीरजामीन आणि फैलजामीन हे दोन शब्द वेगळे ठेवले होते. तो भेद आपण विसरतों, आणि मग चौकशीपूर्वींच शिक्षा सुरू होते.