शिष्य कोणाचा?

श्रोतेहो, मराठी बायबल उघडले म्हणजे येशू ख्रिस्ताबरोबर गावोगाव फिरणाऱ्या माणसांना तेथे ‘शिष्य’ म्हटलेले आढळते. शब्द आपल्या ओळखीचा असल्यामुळे वाचणारा तेथे थांबत नाही. हाती समिधा घेऊन गुरूच्या दारी आलेला बटू त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि तो पुढे जातो. परंतु मूळ ग्रीक शब्द आहे ‘मॅथेटेस’, आणि त्याचा साधा अर्थ आहे शिकणारा. गणिताचे युरोपीय नाव त्याच धातूपासून निघाले आहे. आपला ‘शिष्य’ हा शास् धातूपासून झाला. ज्याला शिकवायचे, वळण लावायचे, तो शिष्य. एका शब्दात शिकणाऱ्याची क्रिया आहे, दुसऱ्यात शिकविणाऱ्याची. आजच्या आमच्या प्रश्नाचे बीज या फरकातच आहे. शिष्य होणे म्हणजे एका माणसाचे होणे, की त्याने दाखविलेल्या सत्याचे होणे?

ग्रीकांपासूनच आरंभ करू. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायथागोरस दक्षिण इटलीतील क्रोटोन येथे येऊन राहिला. त्याच्या मंडळात प्रवेश घेणाऱ्याला पाच वर्षे मौन पाळावे लागे, असे पुढच्या लेखकांनी लिहून ठेवले आहे. आधी ऐकावे, बोलणे मागाहून. इथपर्यंत आपल्यालाही नवल वाटणार नाही. पण या मंडळात ‘गुरूंनी स्वतः सांगितले’ एवढे म्हटले की वाद मिटत असे. रोमन विचारवंत सिसरो याने इ. स. पू. ४५ च्या सुमारास या सवयीवर बोट ठेवले आहे. शिकविणाऱ्याचा अधिकार फार वाढला की शिकणारा स्वतःचा निर्णय करणेच सोडून देतो, असा त्याचा आक्षेप होता.

सॉक्रेटीसने नेमकी उलटी वाट धरली. तो शुल्क घेत नसे, आणि आपण कोणाचे गुरू कधी झालोच नाही असे त्याने न्यायालयात सांगितल्याचे प्लेटोने नोंदविले आहे. तरी इ. स. पू. ३९९ मध्ये त्याला विषाचा पेला घ्यावा लागला तो तरुणांना बिघडविल्याच्याही आरोपावरून. त्याच्या सहवासात वाढलेला अल्सिबायडीझ मायभूमी सोडून शत्रूला मिळाला होता आणि क्रिटियस तीस जुलमी सत्ताधीशांचा पुढारी झाला होता. लोकांच्या मनातून ही नावे गेली नव्हती. गुरूने गुरुपद नाकारले, पण जगाने शिष्यांचा हिशेब त्याच्याच नावे मांडला. या दोघांनी सॉक्रेटीसपासून वाद जिंकण्याची कला तेवढी उचलली आणि त्याचे जगणे तेथेच टाकून दिले, असा त्याचा कैवार घेणाऱ्या झेनोफनचा आशय आहे. तेव्हा स्वतंत्र बुद्धी एवढ्यानेच शिष्यत्व पुरे होत नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

ॲरिस्टॉटलचे उदाहरण याहून निराळे. सतराव्या वर्षी, इ. स. पू. ३६७ मध्ये, तो प्लेटोच्या अकादमीत आला आणि गुरूच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे वीस वर्षे, तेथे राहिला. पुढे नीतिशास्त्रावरील ग्रंथात प्लेटोचा मुख्य सिद्धांत खोडून काढण्याची वेळ आली, तेव्हा हे काम आपल्याला जड जाते, कारण ते मत आपल्या मित्रांचे आहे, असे त्याने आधी सांगितले. मित्र आणि सत्य दोन्ही प्रिय असली तरी मान सत्याला द्यावा, असा निर्वाळा देऊन मगच तो खंडनाला लागला. वीस वर्षांचा सहवास आणि शेवटी मतभेद! आम्हांस यात कृतघ्नता दिसत नाही. प्लेटोला मिळालेली गुरुदक्षिणाच दिसते.

एपिक्यूरसच्या बागेत मात्र असे घडले नाही. इ. स. पू. ३०६ च्या सुमारास अथेन्समध्ये निघालेल्या त्या संस्थेत स्त्रियांना आणि गुलामांनाही जागा होती. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. शिष्य एकमेकांचे मित्र म्हणून राहत, गुरूच्या स्मरणार्थ दर महिन्याच्या विसाव्या दिवशी एकत्र जमत, त्याची प्रतिमा अंगठीवर कोरून घेत. जिव्हाळा अपार होता. पण पुढील कित्येक शतकांत मूळ मतात फारसा बदल कोणी केला नाही. एका ठिकाणी प्रेमाने विचार जपला, दुसऱ्या ठिकाणी मतभेदाने तो वाढविला.

आता पॅलेस्टाइनकडे वळू. यहुदी समाजात धर्मशास्त्र शिकणाऱ्या तरुणाने आपला गुरू स्वतः शोधावा, असा जुन्या आचार्यांचा उपदेश होता. हिल्लेल आणि शम्मय यांचे दोन संप्रदाय प्रसिद्ध होते. शिष्य गुरूची वचने मुखोद्गत करी आणि पुढे स्वतः गुरू होई. गमलिएलाच्या चरणांशी बसून आपण शिकलो, असे पौलाने सांगितल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत आहे.

येशूने ही रीत दोन-तीन ठिकाणी मोडली. शिष्यांनी त्याला निवडले नाही, त्यानेच त्यांना हाक मारली; आणि तीही पाठशाळेत नव्हे, गालीलच्या सरोवराकाठी जाळी टाकणाऱ्यांना आणि जकातीच्या नाक्यावर बसलेल्या एका माणसाला. मरीया नावाची स्त्री त्याच्या चरणांशी बसून ऐकते, असे लूक सांगतो. पौलाने गमलिएलासंबंधी वापरलेलीच भाषा येथे एका स्त्रीविषयी आली आहे. शेवटच्या रात्री तर गुरूनेच शिष्यांचे पाय धुतले. आणि मत्तयाच्या वृत्तांतानुसार, तुम्ही आपणांस गुरू म्हणवून घेऊ नका, तुम्ही सर्व भाऊ आहात, असा आदेशही त्याने दिला. म्हणजे या शाळेत शिष्य वर चढून कधी गुरू व्हायचाच नव्हता. तो जन्मभर शिकणाराच राहणार.

हे शिष्य होते तरी कसे? यहूदाने विश्वासघात केला, आणि पेत्राने अंगणात शेकोटीपाशी तीन वेळा ओळख नाकारली. सॉक्रेटीसच्या अखेरच्या दिवशी प्लेटोही तुरुंगात नव्हता; तो आजारी असावा असे त्याने स्वतःच लिहिले आहे. पण प्लेटो आपली अनुपस्थिती एका वाक्यात सांगून पुढे जातो. शुभवर्तमानांनी मात्र आपल्या अग्रणी शिष्याची नामुष्की चौघांच्याही वृत्तांतात लिहून ठेवली. चुकलेला शिष्य परत येऊ शकतो, हा प्राचीन विचारात पडलेला मोठा भाग आहे.

तरी जुना रोग लवकरच उलटला. करिंथच्या मंडळीत कोणी मी पौलाचा म्हणू लागले, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. पौलाने त्यांना खडसावून विचारले, तुमच्यासाठी पौल वधस्तंभावर गेला होता काय? याच पौलाच्या पत्रांत ‘शिष्य’ हा शब्द एकदाही येत नाही. शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये यांतच तो आढळतो. अंत्युखियात या शिष्यांना प्रथम ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळाले, अशी कृत्यांत नोंद आहे.

आता आम्ही रोममधील एका खटल्याकडे येतो. जस्टिन हा पॅलेस्टाइनमध्ये जन्मलेला तत्त्वचिंतक. त्याने स्वतःच आपली भ्रमंती सांगितली आहे. स्टोइकाकडे देवाविषयी काही कळेना. ॲरिस्टॉटलपंथीयाने थोड्याच दिवसांत शुल्काची गोष्ट काढली. पायथागोरसपंथीयाने आधी संगीत, ज्योतिष आणि भूमिती शिकून ये म्हणून परत पाठविले. प्लेटोपंथीयापाशी तो काही काळ रमला. अखेर तो ख्रिस्ती झाला, पण तत्त्वज्ञाचा झगा त्याने उतरविला नाही आणि रोममध्ये शिकवीत राहिला. इ. स. १६५ च्या सुमारास त्याला आणि त्याच्या सहा सोबत्यांना नगराधिकारी रस्टिकस याच्यापुढे उभे करण्यात आले. हा रस्टिकस कोण? सम्राट मार्कस ऑरेलियसचा स्टोइक गुरू! आपल्या चिंतनिकेच्या आरंभी सम्राटाने ज्यांचे ऋण मानले आहे, त्यांत तो आहे. एका गुरूने दुसऱ्या गुरूचा न्याय करावा, असा तो प्रसंग.

रस्टिकसने सोबत्यांना विचारले, तुम्हांस ख्रिस्ती जस्टिनने केले काय? उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. एक म्हणाला, मी पूर्वीही ख्रिस्ती होतो आणि राहीन. दुसऱ्याने आईबापांचे नाव घेतले. युएल्पिस्तस नावाचा बादशाही गुलाम म्हणाला, जस्टिनचे बोलणे मी आनंदाने ऐकत होतो, पण श्रद्धा मला आईबापांकडून मिळाली. एकानेही गुरूच्या नावाआड आसरा घेतला नाही आणि एकानेही गुरूला टाकले नाही. सातही जणांचा शिरच्छेद झाला. पायथागोरसपंथीयांचे ‘गुरूंनी सांगितले’ आणि या गुलामाचे उत्तर यांत सहा-सात शतकांचे अंतर आहे. पण शिष्यत्वाचा सारा प्रवास आम्हांस या दोन वाक्यांत दिसतो.

आपल्याकडे या प्रवासाचा एक धागा पोचला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत असा त्यांचा हेतू होता. नाव नोंदविले की शिष्य झालो, हे समीकरण त्यांना मान्य नव्हते. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले.

श्रोतेहो, गुरूंची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. मठात, गाण्याच्या बैठकीत, राजकारणाच्या व्यासपीठावर ते भेटतात, आणि त्यांच्या नावाने भांडणारेही भेटतात. अशा वेळी करिंथकरांना विचारलेला प्रश्न आपण स्वतःला विचारावा. आणि कोणा रस्टिकसने आपल्याला उभे करून, हे तुला कोणी शिकविले, असे विचारलेच, तर गुरूचे ऋण मान्य करून उत्तर मात्र आपले स्वतःचे देता यावे. एवढे साधले तर शिकविणाऱ्याचे श्रम वाया गेले नाहीत असे समजावे.