बिऱ्हाड हलले, पाटी जुनीच!

माझ्या संगणकाची हार्ड डिस्क अलीकडे कुरकुरू लागली. तिच्यात माझ्या कविता होत्या आणि अम्मीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. अम्मी आता नाही. ओव्यांचे कागद एका पावसाळ्यात गेले.

संगणकावर लिनक्स आहे. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘‘चाचा, नवं काही बसवायचं नाही. आहे ते बिऱ्हाडच उचलून नव्या डिस्कवर नेऊ.’’

असे उचलता येते, कारण लिनक्सने युनिक्सची रीत घेतली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 1969 साली सुरू झालेल्या युनिक्समध्ये कागदपत्र असो की डिस्क, सारे फाइलसारखे हाताळले जाते. 1979च्या युनिक्समध्ये ‘टार’ आले. टार म्हणजे ‘टेप आर्काइव्ह’, फायलींचे गाठोडे बांधून टेपवर ठेवणारी आज्ञा. (संगणकवाल्यांची नावे ठेवण्यातली कंजुषी काय सांगावी!)

या रीतीत धोकाही आहे. 1991 साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या मोडेमवरून विद्यापीठाला फोन लावायचे ठरवले. चुकून मोडेमऐवजी नाव दिले हार्ड डिस्कचे. फोनच्या आज्ञा डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि तिथली मिनिक्स प्रणाली बिघडली. त्याने मिनिक्स परत बसवले नाही; स्वतःच्या अर्धवट लिनक्सचीच डागडुजी सुरू केली.

डिस्क जशीच्या तशी उतरवणारी ‘डीडी’ ही आज्ञा आहे. तिच्यात ‘कुठून’ आणि ‘कुठे’ यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते. मी म्हटले, नको रे बाबा! मग 1996 साली ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ‘आरसिंक’ने फायली नेल्या. सुरुवात करून देणारा ‘ग्रब’ही नव्या डिस्कवर बसवला.

संगणक सुरू केला. दीड मिनिट ताटकळून त्याने हात टेकले. माझ्या तर पोटात गोळा आला.

फायली सगळ्या जागेवर होत्या. चुकला होता पत्ता. पूर्वी डिस्कला ‘एचडीए’सारखे नाव असे. 2006-07च्या सुमारास त्याचे ‘एसडीए’ होऊ लागले, तेव्हा जुन्या नावावर विसंबलेल्या याद्या चुकू लागल्या. म्हणून डिस्कच्या प्रत्येक भागाचा लांबलचक क्रमांक, ‘यूयूआयडी’, वापरण्याची पद्धत रुळली. आमच्या ‘एफएसटॅब’ या यादीत जुन्या डिस्कचाच क्रमांक राहिला होता. बिऱ्हाड हलले, दारावरची पाटी जुनीच!

मुलाने क्रमांक बदलला. मी आधी ओव्यांची फाइल उघडली.

जुनी डिस्क कपाटात आहे. ती पुसायला अजून धीर होत नाही.