गळती कुठल्या बाजूला?

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंप. १९२१ साली मर्सिडीजने विकायच्या गाड्यांवर तो बसवला, तेव्हा तो कार्ब्युरेटरच्या आधी होता. नुसती हवा ढकलायचा. १९२९च्या ब्लोअर बेंटलीत उलटं होतं. रेडिएटरच्याही पुढे उघड्यावर ॲमहर्स्ट व्हिलिअर्सचा ब्लोअर आणि त्याच्या तोंडाशी दोन एसयू कार्ब्युरेटर. म्हणजे पेट्रोल मिसळलेली हवाच ब्लोअरमधून जायची.

आता समजा, ब्लोअर आणि इंजिनामधलं एक गॅस्केट फाटलं. गाडी उभी, इंजिन मंद चालू: थ्रॉटल मिटलेला, नळीत निर्वात, म्हणून भोक बाहेरची हवा आत ओढतं. मिश्रण पातळ, इंजिन अडखळतं. पाय पूर्ण दाबला की त्याच नळीत दाब येतो आणि तेच भोक पेट्रोलची वाफ बाहेर फेकतं, तीही तापलेल्या इंजिनावर. बिघाड एक, लक्षणं दोन, आणि दुसऱ्यात आगीची भीती. (लोड आल्यावर रूप पालटणारे बग आमच्याकडेही असतात, पेट घेत नाहीत इतकंच.)

खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटलींना सुपरचार्जर नकोच होता. १९३०च्या ल माँमध्ये दोन्ही ब्लोअर बाद झाल्या. जिंकली त्यांची बिनब्लोअरची स्पीड सिक्स.

आजच्या अनेक सुपरचार्जरवाल्या गाड्यांत हवा आधीच मोजली जाते. दाबाखाली ती निसटली तरी कंप्युटर मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल देतो आणि मिश्रण घट्ट होतं. म्हणून मेकॅनिक इंजिन बंद ठेवून नळ्यांत धूर सोडतो. धुराने नाही सापडलं, तर बेताचा दाब भरून सांध्यांवर साबणाचं पाणी. फुगा येईल तिथे भोक.