पाण्याच्या रॉकेटपासून इस्रोच्या ‘युविका’पर्यंत : खेड्यातल्या विद्यार्थ्यांनी अंतराळ विज्ञान हाताने कसं शिकायचं?

जळगाव / धुळे : चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलं. तेव्हापासून हा दिवस ‘राष्ट्रीय अंतराळ दिवस’ म्हणून साजरा होतो. आपल्याकडच्या शाळांतही निबंध, रांगोळी, भाषणं होतात. पण रॉकेट वर का जातं, हे पोरांना स्वतः करून पाहायला मिळतं का? त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काय करता येईल, कोणत्या योजना खऱ्या कामाच्या आहेत आणि पालकांनी कुठे सावध राहावं, याची ही माहिती.

पाण्याचं रॉकेट : साहित्य आणि कृती

साहित्य साधं आहे. कोल्ड्रिंकची १ किंवा २ लिटरची रिकामी बाटली, घट्ट बसणारं रबरी बूच, जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, सायकलचा पंप, पुठ्ठा आणि चिकटपट्टी. बाटली कोल्ड्रिंकचीच घ्यावी. ती गॅसचा दाब सहन करायला बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही.

१) बुचाला आरपार भोक पाडून व्हॉल्व्ह बसवा. हे काम गावातला पंक्चरवाला करून देतो.

२) बाटलीच्या तोंडाकडच्या भागावर पुठ्ठ्याचे तीन किंवा चार पंख सारख्या अंतरावर चिकटवा. बुडाला पुठ्ठ्याचं टोक लावून आत थोडी माती भरा. उडताना बाटलीचं बूड वर आणि तोंड खाली असतं.

३) बाटली एक तृतीयांश पाण्याने भरा, बूच दाबून बसवा आणि उलटी करून स्टँडवर उभी ठेवा.

४) लांब नळीने पंप जोडून हवा भरा. दाब वाढला की बूच सुटतं आणि रॉकेट वर जातं.

फवारणीच्या पंपात हवा भरल्यावर पाणी कसं जोराने बाहेर येतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. इथेही तेच होतं. दाबलेली हवा पाण्याला खाली ढकलते आणि पाणी बाटलीला वर ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. मग नुसत्या हवेने, पाव भाग पाण्याने, अर्ध्या बाटलीने उडवून पाहा आणि वहीत नोंद ठेवा. नुसत्या हवेला वजन कमी, म्हणून धक्का कमी बसतो. पाणी जास्त झालं तर हवेला जागा उरत नाही आणि बाटलीही जड होते. मधलं प्रमाण पोरांनी स्वतः शोधायचं.

रॉकेट सरळ जाईल का, हे आधी तपासता येतं. रिकामं रॉकेट बोटावर तोलून जिथे समतोल राहतो तिथे दोरी बांधा आणि डोक्यावरून गरगर फिरवा. टोक पुढे राहिलं तर बरोबर. वेडंवाकडं फिरलं तर टोकात वजन वाढवा किंवा पंख मोठे करा.

उंची कशी मोजायची?

कोनमापकाच्या मध्याला दोरा आणि खडा बांधा. उडवण्याच्या जागेपासून ३० मीटरवर उभं राहून रॉकेट सर्वात वर असताना कोन वाचा. कोन ४५ अंश असेल तर उंची साधारण ३० मीटर, ६० अंश असेल तर ५२ मीटर. त्यात मोजणाऱ्याच्या डोळ्याची उंची मिळवा. दहावीच्या पुस्तकातली त्रिकोणमिती इथे कामाला येते.

सुरक्षा : ह्या गोष्टी पाळाच

- उघड्या वावरात किंवा मैदानातच उडवा. वर विजेच्या तारा नकोत.
- पोरांना किमान १० मीटर लांब ठेवा. हवा भरताना बाटलीवर कोणी वाकू नये.
- बूच सुटलं नाही तर जवळ जाऊ नका. आधी लांबूनच हवा सोडा.
- दाब ५० पीएसआयच्या पुढे नेऊ नका. चरे पडलेली बाटली फेकून द्या.
- फटाक्यांची दारू काढून किंवा घरी इंधन बनवून रॉकेट करू नका. त्यात बोटं जातात, डोळे जातात, शिवाय तो कायद्यानेही गुन्हा ठरतो.

आपल्याच आकाशातले दोन धडे

शून्य सावली : जळगाव आणि धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे २५ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या थोडं आधी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातही असाच दिवस येतो, पण तेव्हा ढग असतात. शाळेला सुट्टी असली तरी हा प्रयोग घराच्या अंगणात होतो.

मानेगावची उल्का : २९ जून १८४३ रोजी एदलाबाद (आजचं मुक्ताईनगर) भागातल्या मानेगावला उल्का पडली. शास्त्रज्ञ ती ‘डायोजेनाईट’ प्रकारात धरतात. हे दगड वेस्टा नावाच्या मोठ्या लघुग्रहावरून आले असावेत असं मानलं जातं. अंतराळ आपल्या वावरापर्यंत आलं होतं, हे मुलांना जरूर सांगा.

इस्रोची ‘युविका’ : नववीच्या मुलांसाठी

इस्रोने २०१९ मध्ये ‘युविका’ म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम सुरू केला. नववीच्या निवडक विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत इस्रोच्या केंद्रांवर नेलं जातं. प्रवास, राहणं, साहित्य यांचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीच्या गुणांना सर्वाधिक वजन असतं. ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काऊट-एनसीसी यांनाही गुण मिळतात. महत्त्वाची गोष्ट म्हणजे ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना वेगळे १५ टक्के गुण दिले गेले आहेत. म्हणजे ज्याला आपण कमीपणा समजतो, तीच इथे जमेची बाजू आहे. गेल्या काही वर्षांत नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली आहे. आठवीत असतानाच विज्ञान प्रदर्शनाची प्रमाणपत्रं जपून ठेवा.

‘उपग्रह बनवा’ म्हणजे नेमकं काय?

७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून विद्यार्थ्यांचे १०० छोटे ‘उपग्रह’ हेलियम फुग्यांतून सोडले गेले. त्यात महाराष्ट्रातलीही बरीच मुलं होती. १९ फेब्रुवारी २०२३ रोजी तमिळनाडूतल्या पट्टीपुलम इथून १५० ‘पिको उपग्रह’ छोट्या रॉकेटने वर गेले. शिकायला हे उपक्रम चांगलेच. पण ही यंत्रं पृथ्वीभोवती फिरली नाहीत, वर जाऊन खाली आली. कक्षेत राहायला सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. खरोखर कक्षेत गेलेला उपग्रह म्हणजे पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा सुमारे १ किलोचा ‘स्वयम्’. तो २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने गेला. ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींचा ‘आझादीसॅट’ ७ ऑगस्ट २०२२ रोजी मोहीम फसल्याने वाया गेला, पण त्याची दुसरी आवृत्ती १० फेब्रुवारी २०२३ रोजी कक्षेत पोहोचली.

म्हणून फी भरण्याआधी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. मूल स्वतः काय जोडणार? यंत्र किती उंच जाणार आणि परत येणार का? मोजलेली माहिती मुलाच्या हातात मिळणार का? उत्तर नीट मिळालं नाही तर घाई करू नका. कपाशीचे पैसे असेच येत नाहीत.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून भारताच्या भूमीवरून पहिलं रॉकेट उडालं. तिथे रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात. सायकल आपल्याकडे आहे, पंपही आहे. येत्या २३ ऑगस्टला रांगोळीसोबत एक बाटलीही उडवून पाहायला हरकत नाही.