पूर्णगडच्या पाहुण्यास

दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया देशांत ला पाझ हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६०० मीटर उंचीवर वसलें आहे. तेथें जाणाऱ्या पाहुण्यास पहिली सूचना मिळते ती ही कीं, पहिल्या दिवशीं धांवपळ करूं नये, स्वस्थ विश्रांति घ्यावी. तेथील हवा विरळ असल्यामुळें नवख्या माणसास धाप लागते व मस्तक दुखूं लागतें. ही सूचना कोणा एका पंडिताच्या बुद्धींतून निघालेली नाहीं; अनेकांनीं सोसलेल्या त्रासांतून ती तयार झाली आहे. प्रवाशांसाठीं केलेल्या अशा सूचनांकडे इतिहासकार सहसा वळून पाहत नाहींत. आमच्या मतें ही उपेक्षा योग्य नव्हे. एखादी भूमि आपल्या पाहुण्यास काय सांगते, यावरून तिचा स्वभाव कळतो आणि इतिहासही कळतो. याचें उदाहरण पाहण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जावयास नको. रत्नागिरीच्या दक्षिणेस असलेला आपला पूर्णगड पुरेसा आहे.

मुचकुंदी नदी सह्याद्रींत माचाळच्या बाजूस उगम पावून पूर्णगडाशीं समुद्रास मिळते. उत्तर तीरावर एक टेकडी, तिच्यावर लहानसा किल्ला, पायथ्याशीं गांव आणि खाडीपलीकडे गावखडी, असा हा देखावा आहे. किल्ला शिवाजीमहाराजांनीं बांधविला असें लोक सांगतात. कित्येक अभ्यासक तो आंग्रे-पेशव्यांच्या काळांतील मानतात. हा वाद कसाही मिटो, जागा पाहिली म्हणजे हेतु उघड होतो. सिंधुदुर्गासारखा राज्याचें वैभव मिरविणारा हा गड नव्हे. खाडींत कोण येतो, कोण जातो, यावर डोळा ठेवणारा हा पहारेकरी आहे. त्याला जमिनीकडे एक दरवाजा आहे, तसाच समुद्राकडेही एक आहे.

या किनाऱ्यावर येणाऱ्यास त्या काळीं पहिला सल्ला असे तो कागदाचा. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनीं असा दंडक घातला होता कीं, त्यांचा परवाना, म्हणजे कर्ताज, जवळ नसल्यास गलबत पकडलें जाईल. पुढें आंग्र्यांनींही आपले दस्तक चालू केले. समुद्र कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं ज्याचा कागद चाले त्याचा, असेंच होतें. आज परदेशीं जाणारा मनुष्य आधीं पासपोर्ट चांचपून पाहतो. आपल्या तांडेलांस ती संवय तीनशें वर्षांपूर्वींच लागली होती.

परंतु मराठी राज्याची नीति केवळ कागद तपासण्याची नव्हती. इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या व रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत आरमाराविषयीं एक प्रकरण आहे. परमुलखाचें सावकारी गलबत कौलावांचून आलें तरी त्यास धाक न घालतां दिलासा देऊन बंदरांत आणावें, असा त्याचा आशय आहे. त्याच ग्रंथांत टोपीकरांविषयीं मात्र कडक इशारा दिला आहे. पाहुण्याचें स्वागत करावें, पण त्याला ओळखूनही असावें, हा दुहेरी विवेक किनाऱ्यावरील लोकांस चांगला साधला होता. ज्या पोर्तुगीजांवर विश्वास नव्हता, त्यांनींच ब्राझीलहून आणलेलें काजूचें झाड कोंकणानें असें आपलेंसें केलें कीं, आज त्यास परकें म्हणण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

कागदानंतर दुसरा सल्ला पाण्याचा. पूर्णगडसारख्या खाडींत केव्हां शिरावें हें सरकार ठरवीत नसे, चंद्र ठरवी. त्याचें गणित कोंकणांतील नाखव्यास तोंडपाठ असे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, एकादशीस सव्वाआठ वाजतां; दिवसा तशीच रात्रींही. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. हें गणित मिनिटास मिनिट जुळत नाहीं. पण पंचांगाखेरीज दुसरें साधन न लागणारी इतकी उपयुक्त विद्या आम्हांस दुसरी ठाऊक नाहीं.

तिसरा सल्ला ऋतूचा. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण केल्यावर मग तारवें लोटावयाचीं आणि पावसाळा तोंडावर आला कीं तीं किनाऱ्यावर ओढावयाचीं, हा जुना शिरस्ता होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगबोटी सुरू झाल्या, तरी रत्नागिरी-जैतापूरकडील त्यांची फेरी पावसाळ्यांत बंदच राही. भर पावसाळ्यांतील समुद्र किती निष्ठुर असतो, हें १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीनें दाखविलें; त्या दिवशीं सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. आजही १ जून ते ३१ जुलै या काळांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. तिचा मुख्य हेतु माशांच्या वाढीचा असला तरी जुन्या शिरस्त्याशीं ती सहज जुळते.

इ. स. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरांत पूर्णगडची नोंद बंदर म्हणून आहे. पुढें व्यापार सडकेकडे वळला. खाडीवर पूल झाला आणि गावखडी दोन पावलांवर आली; १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू होऊन मुंबईचा पाहुणा एका रात्रींत रत्नागिरीस उतरूं लागला. यांत दुःख मानण्यासारखें कांहीं नाहीं. ज्यांनीं पडावांत बसून ओकाऱ्या काढीत प्रवास केला, ते जुन्या काळाचे गोडवे गाणार नाहींत.

तथापि एक गोष्ट हरवली आहे. पूर्वीं पाहुणा तरीवाल्याच्या हातून आल्यावांचून उतरूंच शकत नसे. म्हणून येतां येतांच त्यास पाणी कळे. आज तो थेट वाळूवर येऊन उभा राहतो, आणि त्यास कांहीं सांगणारा मध्यें कोणी भेटत नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले तरुण बुडाल्याची बातमी वर्तमानपत्रांत वरचेवर येते, तिचें एक कारण हेंही आहे. उतरत्या पाण्याबरोबर नदीचा ओघही खाडीच्या मुखाशीं समुद्राकडे धांवतो, ही गोष्ट शहरांतील पोहण्याच्या तलावांत शिकतां येत नाहीं.

म्हणून पूर्णगडास जाणाऱ्या वाचकांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. नारळी पौर्णिमेनंतर जावें. निघण्यापूर्वीं तिथि पाहावी. गडावर चढून समुद्राकडील दरवाज्यांतून खाडीचें मुख नीट न्याहाळावें, तटाच्या चिऱ्यांवर आपलें नांव कोरूं नये. आणि पाण्यांत पाऊल घालण्यापूर्वीं गांवांतील एखाद्या वृद्ध खलाशास विचारावें. ग्रामस्थांसही एक विनंती आहे. पाहुण्यानें विचारलें नाहीं तरी सांगावें. पहारेकऱ्याचें काम गडाने सोडलें असलें, तरी तें कोणीतरी केलेंच पाहिजे.