दहा ओळींना लागलेली साठ वर्षे

नोकरीसाठीच्या कोडिंग परीक्षांची तयारी करणारी मुले हल्ली संगणकावर नाहीतर मोबाइलवर धडे पाहून अल्गोरिदम शिकतात. अल्गोरिदम म्हणजे एखादे काम पायरीपायरीने पुरे करण्याची रीत; नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून हा शब्द आला. २०१२ साली प्रिन्स्टन विद्यापीठाचे रॉबर्ट सेजविक व केव्हिन वेन यांचा या विषयाचा पाठ्यक्रम ‘कोर्सेरा’वर आला, तेव्हापासून घरबसल्या शिकण्याची ही वाट चांगलीच रुळली आहे.

अशा पाठमालांत सुरुवातीलाच भेटते ती ‘बायनरी सर्च’. धडा दहा-पंधरा मिनिटांचा, प्रोग्रॅम जेमतेम दहा ओळींचा. मुले तो पाठ करतात. या दहा ओळींचा इतिहास मात्र धड्यात सहसा नसतो, म्हणून तो येथे सांगत आहोत.

रीत आपल्या ओळखीचीच आहे. शब्दकोश मधोमध उघडायचा, हवा असलेला शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहायचे, आणि नको तो अर्धा भाग सोडून द्यायचा. क्रमाने लावलेल्या हजार नावांतून एक नाव शोधायला जास्तीत जास्त १० वेळा पाहावे लागते; दहा लाख नावांसाठी फक्त २० वेळा!

१९४६ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये संगणक कसे बांधावेत यावर व्याख्याने झाली. ‘एनियाक’च्या निर्मात्यांपैकी एक, जॉन मॉक्ली, यांच्या व्याख्यानात ही रीत प्रथम नोंदली गेली. पण एक अडचण होती. ७ नावे असली तर मधले एक काढून दोन्हीकडे ३-३ उरतात, मग १-१. १५ किंवा ३१ नावांचेही असेच सरळ जमते. ८ नावांचे मधले कोणते? कितीही नावे असली तरी चालेल अशी रीत डेरिक लेमर यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. म्हणजे मध्ये चौदा वर्षे गेली.

त्यानंतर तरी प्रश्न मिटला का? जॉन बेंटली यांनी बेल लॅब्ज आणि आयबीएममधल्या शंभरावर व्यावसायिक प्रोग्रॅमरना हाच प्रोग्रॅम लिहायला सांगितला. रीत समजावून दिली होती, वेळही दोनएक तास होता. तपासल्यावर सुमारे ९० टक्के लोकांना आपल्या प्रोग्रॅममध्ये चुका सापडल्या. बेंटलींनी स्वतःचा प्रोग्रॅम बरोबर असल्याची सिद्धताही १९८६ च्या पुस्तकात दिली.

गंमत पुढेच आहे. बेंटलींच्या वर्गात बसलेले जोशुआ ब्लॉक यांनी जावा भाषेच्या संग्रहासाठी हा प्रोग्रॅम लिहिला. सुमारे नऊ वर्षे तो जगभर वापरला गेला, आणि मग कोणाचा तरी प्रोग्रॅम त्यामुळे कोसळला. २००६ साली ब्लॉक यांनी जाहीर लिहिले, की आपल्या आणि बेंटलींच्याही प्रोग्रॅममध्ये एकच चूक आहे. चूक कोठे? मधला क्रमांक काढण्यासाठी दोन्ही टोकांची बेरीज करून २ ने भागायचे, या अगदी निरुपद्रवी पायरीत! कागदावर ती बरोबरच आहे. पण जावातील साधी पूर्णांक संख्या २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी होऊ शकत नाही. टोके १५० कोटी आणि १६० कोटी असतील, तर मधला क्रमांक १५५ कोटी मर्यादेत बसतो. बेरीज ३१० कोटी मात्र बसत नाही. स्कूटरचा किलोमीटर मोजणारा काटा ९९,९९९ नंतर शून्यावर येतो, तशी ही बेरीज मर्यादा ओलांडून थेट ऋण संख्येत जाते. उपाय सोपा आहे: टोकांमधले अंतर निम्मे करून ते लहान टोकात मिळवायचे. सिद्धता देताना गणितातली बेरीज आणि यंत्रातली बेरीज एकच धरली गेली होती, हे आम्हांला यातले सर्वांत शिकण्याजोगे वाटते.

परीक्षेत तपासणीसाठी दिलेल्या याद्या काही लाखांपलीकडे क्वचितच जातात. त्यामुळे तेथे जुनी ओळ आणि दुरुस्त ओळ दोन्हींना सारखेच गुण मिळतात.

वर्गात संगणक नसला तरी याचा पहिला भाग करून पाहता येतो. ८ कार्डांवर चढत्या क्रमाने संख्या लिहून ती पालथी मांडावीत. एका विद्यार्थ्याने केवळ सूचना द्यायच्या, दुसऱ्याने त्या अक्षरशः पाळायच्या, स्वतःचे डोके चालवायचे नाही. आधी कार्डांवर असलेली संख्या शोधायला सांगावी. मग कोणत्याच कार्डावर नसलेली सांगावी, आणि सूचना देणारा कोठे थांबायला सांगतो ते पाहावे.